संत त्रिफॉनची खरड छाटणी

क्युपर्टिनोहून सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. निघालो पावणेआठला, कारण जावयाला आदल्या रात्री छापलेला नकाशा सापडेना. तो शेवटी प्रिंटरमध्येच सापडला. मी साडेपाचला अंघोळ उरकून, पोळ्यांचा डबा भरून, बूट घालून सोफ्यावर बसले होते. निघायच्या वेळी घरातल्या पुरुषाची एखादी वस्तू हरवते आणि सगळ्यांनी ती शोधायची असते, हे तासगावात जसं आहे तसंच कॅलिफोर्नियात आहे.

२००४ सालचा फेब्रुवारी, तारीख चौदा, शनिवार. दुकानांमध्ये महिनाभर लाल फुगे लटकत होते. सोमवारी कसलीशी सरकारी सुट्टी असल्याने तीन दिवस मोकळे होते. मुलगी मंजिरी, जावई अमेय, पाच महिन्यांची नात ईरा आणि मी असे मदेरा नावाच्या गावाकडे निघालो होतो. मी सप्टेंबरात मंजिरीच्या बाळंतपणाला आले होते. तासगावला आमची पाच एकर द्राक्षबाग आहे, सगळा माल बेदाण्याला जातो. लग्नानंतर पहिल्यांदाच ऑक्टोबरची छाटणी माझ्याशिवाय झाली. पाच महिने मी तिसऱ्या मजल्यावर, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घातलेल्या घरात काढले होते. पायाला माती म्हणून लागली नव्हती.

मंजिरीच्या ऑफिसात वेसेला नावाची बल्गेरियन मुलगी आहे. बाळ बघायला आली तेव्हा बोलण्यात निघालं, की तिच्या आईची मदेराला बेदाण्याची बाग आहे, आणि चौदा फेब्रुवारीला त्यांच्यात द्राक्षबागायतदारांच्या संताचा सण असतो. संत त्रिफॉन. त्या दिवशी वर्षातली पहिली छाटणी होते. मी म्हटलं, मला घेऊन चला. अमेय म्हणाला, "आई, तिथे सगळं नॉनव्हेज असेल." मी म्हटलं, मी खाते. पुण्याच्या घरात मुलगी दिली म्हणून मी काही कोंबडी सोडलेली नाही.

गिलरॉय नावाच्या गावी गाडीच्या काचा बंद असतानाही लसणाचा वास आला. तिथून रस्ता डोंगरात चढतो. टेकड्या इतक्या हिरव्या होत्या की आपल्याकडचा श्रावण आठवावा, पण झाड एकही नाही, नुसतं गवत आणि दूरवर काळ्या गाई. घाट उतरलो आणि धुक्यात शिरलो. पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. मदेराकडे रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत, आणि आकडे संपले की मध्ये अर्धे. वेसेलाचं घर अ‍ॅव्हेन्यू साडेबारावर होतं. अमेय बारावर वळला. मी तीनदा सांगितलं की हा साडेबारा नाही. तो म्हणाला, "आई, मी ड्राइव्ह करतोय ना." मग आम्ही एका परक्या माणसाच्या बदामाच्या बागेत जाऊन उभे राहिलो. त्याने सांगितलं की ही जागा चार वर्षांपूर्वीपर्यंत द्राक्षाचीच होती. बेदाण्याला भाव राहिला नाही, म्हणून उपटून बदाम लावले. फांद्यांवर पहिली पांढरी फुलं येत होती. सुंदर दिसत होती, पण मला ती बघवेनात. बाग उपटणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

अकराच्या सुमाराला पोचलो. रस्त्याकडच्या फाटकाशी पिकअप गाड्यांची रांग, मागे बुटकं पांढरं घर, त्याच्यामागे बाग. धुकं वर उचललं होतं. मी ईराला मंजिरीच्या हातात दिलं आणि घरात जायच्या आधी बागेच्या कडेला गेले. खोड पाहिलं आणि ओळखलं: थॉमसन. आमच्याच जातीची, फक्त आमच्यासारखा मांडव नाही, दोन तारांवर सरळ उभी केलेली. डाव्या हाताचा तुकडा आधीच छाटून झाला होता. प्रत्येक झाडाला चार-चार लांब काड्या ठेवलेल्या, प्रत्येकीला चौदा-पंधरा डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, तारेला सैल पीळ देऊन बांधलेल्या. गाठी एका मापाच्या. एकही जखम चिरलेली नाही. अशी छाटणी मी आमच्या भागातही फार थोड्या माणसांची पाहिली आहे. उजवीकडचा मोठा तुकडा मात्र तसाच पिंजारलेला उभा होता. वेसेला फाटकातून आली तेव्हा विचारलं, हे कोणी छाटलं? ती म्हणाली, आईने. वडील लांबपल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातून चार दिवस घरी. बारा वर्षांपूर्वी बाग घेतली तेव्हापासून ती आईचीच. वडील गेल्या जूनमध्ये वारले.

आईचं नाव पेन्का. साठीची, माझ्यापेक्षा बुटकी, काळा स्कार्फ, काळा स्वेटर. तिने माझा हात हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी कात्रीने पडलेला घट्टा पाहिला आणि स्वतःचा हात पुढे केला. तिलाही तिथेच घट्टा. एवढी आमची ओळख. तिला इंग्रजी बेतास बात, मला तिच्याहून थोडं बरं, बाकीचं वेसेला सांगे. वेसेला मला लेल्या (मावशी) म्हणू लागली, आणि ते मला बरं वाटलं.

स्वयंपाकघरात सणाचा घाट चालला होता. या दिवशी घरची बाई पितका (गोल फुगीर पाव) भाजते, वर कणकेचीच द्राक्षाची पानं आणि घड काढते. तांदूळ आणि काळीज भरून अख्खी कोंबडी भाजते. हे दोन्ही नव्या लोकरी झोळीत घालायचं, बरोबर बक्लित्सा (वाइनची चपटी लाकडी सुरई) द्यायची आणि पुरुषांना फाटकातून निरोप द्यायचा. पुरुष बागेत जातात, तीन झाडांच्या तीन काड्या कापतात, जखमेवर वाइन ओततात. कापलेल्या काडीचं कडं करून डोक्यावर घालतात. मग आपल्यातल्या एकाला 'बागेचा राजा' निवडतात. बायका त्या दिवशी बागेत जात नाहीत.

मी विचारलं, मग बायका काय करतात? वेसेला म्हणाली, वाट बघतात.

पाव मळत होती वेसेला. तिला मळता येत नव्हतं. पीठ कोपरापर्यंत गेलं होतं. आई खुर्चीवर बसून बोटाने दाखवत होती, पाणी घाल, वळव, मुठीने दाब. पिठाला हात लावत नव्हती. मला वाटलं, हात दुखत असेल. तर शेजारची एक बल्गेरियन बाई समजावत म्हणाली, सणाची पितका विधवेने मळायची नसते. त्या बाईला वाटलं, मला हे नवीन असेल. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी माझी थोरली जाऊ आत धान्य निवडत बसते, हे तिला काय माहीत. त्या क्षणापासून माझं डोकं तापायला लागलं, ते दोन दिवस उतरलं नाही.

संताची गोष्टही तिथेच ऐकली. त्रिफॉन हा माता मरियमचा भाऊ. मरियम चाळीस दिवसांच्या बाळाला घेऊन देवळाकडे निघाली. हा बागेत छाटणी करत होता. त्याने तिची थट्टा केली, की पोराचा बाप कोण ते तरी माहीत आहे का. ती तडक वळली. गावात गेली आणि त्याच्या बायकोला म्हणाली, जा, तुझ्या नवऱ्याने नाक कापून घेतलंय. बायको धावत आली. हा हसला, म्हणाला, माझा हात असा वर जातच नाही, असा जातो. दाखवताना कात्री वर गेली आणि नाक खरंच कापलं. म्हणून त्याचं नाव त्रिफॉन झारेझान (छाटलेला त्रिफॉन). मी म्हटलं, म्हणजे बाळंतिणीची टवाळी केली म्हणून नाक गेलेल्या माणसाचा हा सण, आणि बायकांनी फाटकात उभं राहायचं. वेसेला हसत सुटली. तिने आईला सांगितलं. पेन्का हसली नाही, पण घरासाठी भाजलेल्या कोंबडीचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत आला.

बाराला पुरुष निघाले. चौदा जण होते. कोणी ट्रक चालवणारे, कोणी संगणकवाले, सगळ्यांच्या पुढे स्तोयान. हा पेन्काचा दीर, सॅक्रामेंटोला फरशा बसवायचा धंदा करतो. धिप्पाड, हसरा, आवाज मोठा. एकाकडे गायदा (कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य) होती, तिचा सूर सनईला चिलटं चावल्यासारखा, पण ठेका चांगला. अमेयलाही त्यांनी ओढून नेलं. द्राक्षाची काडी आणि तुतीची काडी यांतला फरक ज्याला सांगता येणार नाही तो माझा जावई कात्री घेऊन बागेत गेला, आणि पेन्का आणि मी बागेच्या फाटकाच्या अलीकडे उभ्या राहिलो.

माझ्या घरीही काही वेगळं नाही, हे सांगून टाकते. मी हातात कात्री घेऊन झाडाखाली उभी असते, आणि औषध कंपनीचा माणूस विचारतो, "साहेब कुठं हायत?"

तीन काड्या कापायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. अर्धा तास झाला, तास झाला, गायदा थांबली तरी कात्र्यांचा आवाज येत राहिला. मी वेसेलाला विचारलं, हे काय चाललंय? तेव्हा कळलं. काकांनी ठरवलं होतं की यंदा वहिनी एकटी आहे, तर आपण सगळे मिळून तिला मदत करू. आज, उद्या आणि परवा, सुट्टीचे तीन दिवस, राहिलेली सगळी बाग छाटून द्यायची.

मी पेन्काकडे पाहिलं. तिला हे आत्ताच कळत होतं. ती वळली आणि घरात, खिडकीशी गेली.

मी ते फाटक उघडून बागेत गेले. मला कोणी अडवलं नाही. मी परकी, माझं काय. गेले आणि पहिल्या ओळीत थबकले. झाडांवर काड्याच नव्हत्या. खोडाला आखूड आखूड खुंट ठेवलेले, एकेकाला दोन डोळे. पुढच्या ओळीत तेच, त्याच्या पुढच्या ओळीत तेच.

ज्यांना द्राक्षाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलला खरड छाटणी, त्यात एक-दोन डोळे ठेवून सगळं खरडून काढतात. त्यातून फळ येत नाही, नुसत्या नव्या काड्या येतात. फळ येतं ते ऑक्टोबरच्या छाटणीला, त्या काड्या ठेवून. थॉमसनच्या बुडाच्या डोळ्यांत घड नसतो, वरच्या डोळ्यांत असतो. मदेराला थंडीमुळे वर्षाला एकच छाटणी, त्यामुळे काडी लांब ठेवायलाच लागते. या लोकांच्या गावी वाइनची द्राक्षं, त्यांना बुडाशी दोन डोळे ठेवले तरी माल येतो. लहानपणी आजोबांना पाहिलं होतं तसं हे चौदा जण इथे कापत सुटले होते. म्हणजे वर्षाला एकच छाटणी मिळते, आणि ती यांनी खरड करून टाकली. त्या झाडांना यंदा पानं येणार, घड नाही.

स्तोयानच्या डोक्यावर काडीचं कडं होतं. तो राजा झाला होता. मी त्याला इंग्रजीत सांगितलं, थांबा, हे चुकतंय, ही बेदाण्याची जात आहे. त्याने अदबीने ऐकलं, मग बाकीच्यांकडे वळून बल्गेरियनमध्ये काही बोलला. सगळे हसले. मला म्हणाला, "मॅडम, आमच्या गावात पाचशे वर्षं अशीच छाटतात."

"तुमच्या गावात थॉमसन आहे?"

त्याने सुरईच माझ्यापुढे केली. मी ती घेतली नाही. तेवढ्यात वेसेला धावत आली. तिला मी सगळं नीट सांगितलं, डोळे, घड, काडी, आणि म्हटलं, शब्दन् शब्द सांग. मी सहा वाक्यं बोलले. वेसेलाने एक केलं. बल्गेरियन येत नसली तरी एवढं मला कळतं. आणि अमेय काय म्हणाला? तो हातात कात्री धरून माझ्या शेजारी आला आणि स्तोयानला म्हणाला, सॉरी, माझ्या सासूबाई शेतीच्या बाबतीत जरा पॅशनेट आहेत. मग मला मराठीत, "आई, जाऊ द्या ना. आपण गेस्ट आहोत."

मी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि परत आले. त्याच्याशी मी सोमवारपर्यंत बोलले नाही.

सहा ओळी गेल्या होत्या. मी मोजल्या. त्यानंतर सुरई फिरायला लागली आणि त्या दिवसापुरत्या कात्र्या थांबल्या.

परत येताना वेसेलाला धारेवर धरलं. ती रडायला लागली, आणि मग खरी गोष्ट बाहेर पडली. जमीन दोघा भावांच्या नावावर, निम्मी-निम्मी. वडील गेल्यावर काकांचं म्हणणं, विकून टाकू, बाई एकटी काय करणार. पेन्काने एक वर्ष मागून घेतलं होतं. या हंगामात माल नीट आला तर बाग ठेवायची, नाही आला तर विकायची. काकांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. "आणि आता तेच मदत करतायत, लेल्या. त्यांना मी काय सांगू?"

मला आजही वाटत नाही की स्तोयानने हे मुद्दाम केलं. मुद्दाम केलं असतं तर मला एवढा राग आला नसता. वहिनीला मदत करतोय अशीच त्याची समजूत होती. बारा वर्षं ही बाग कोण छाटतंय, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

स्वयंपाकघरात पेन्का भांडी पुसत होती. मी टेबलावरचा कागद ओढला, काडी काढली, तिच्यावर पंधरा ठिपके दिले, वरच्यांवर घड काढले. बुडाशी दोन ठिपके ठेवून रेघ मारली आणि बाहेर बोट दाखवलं. तिने कागद पाहिला. तिला ते शिकवायची गरज नव्हती, तिने खिडकीतून माझ्या आधीच पाहिलं होतं. ती इंग्रजीत म्हणाली, "मला माहीत."

मग बोलत का नाहीस, मी विचारलं. वेसेलामार्फत उत्तर आलं. नवऱ्याचं वर्ष झालेलं नाही. सगळा समाज अंगणात. सणाच्या दिवशी काळ्या कपड्यातली बाई बागेत जाऊन राजाला चूक म्हणाली, तर पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिच्याशी कोण बोलणार. तिच्या मागे बसायलासुद्धा कोणी येणार नाही. मी म्हटलं, नाही आलं तर नाही. वेसेलाने त्याचं भाषांतर केलंच नाही.

चारच्या सुमाराला राजाची मिरवणूक आली. पूर्वी बैलगाडी माणसं ओढायची, आता पिकअप. स्तोयान मागच्या फळीवर उभा, छातीवर आडवा पट्टा, पुढे गायदा. अंगणात लांब टेबलं मांडली. पितका मोडली, कोंबडी, बीनची भाजी, तुर्शिया (खारात मुरवलेल्या मिरच्या आणि गाजरं). अमेयने पाव आणि तुर्शिया खाल्ल्या, आणि आपल्या लोणच्यासारखं आहे असं चार वेळा सांगितलं. मंजिरी त्याच्या शेजारी बसली होती, पण ती माझ्याकडे बघत होती. जेवण छान होतं. राग आला म्हणून मी चव नाकारत नाही. स्तोयान उठून उभा राहिला, ग्लास वर केला आणि म्हणाला, उद्या सकाळी नऊला सगळे परत इथे. परवा संध्याकाळपर्यंत बाग स्वच्छ. वहिनीने आता आराम करायचा. टाळ्या पडल्या. पेन्काने मान खाली घालून पाव वाढला.

पुन्हा धुकं उतरलं, त्यामुळे आम्ही तिथेच मुक्काम केला.

सकाळी सातला मी उठून बाहेर आले, तर पेन्का पडवीत उभी होती. पडवीतल्या लाकडी कपाटाला कुलूप होतं. माझी पर्स मी पडवीतच ठेवली होती, तिच्यातली छोटी कात्रीही गेलेली. शिवणाची कात्री, स्वयंपाकघरातली कात्री, ईराची नखं कापायची कात्रीसुद्धा. मंजिरी शोधत आली तेव्हा वेसेलाने सांगितलं, आईने सगळं उचललंय. आज त्रिफुंत्सी.

त्रिफुंत्सी म्हणजे संत त्रिफॉनच्या पाठचे दिवस, लांडग्यांचे. या दिवसांत घरात कात्री उघडायची नाही. कात्रीचं तोंड उघडलं की लांडग्याचं तोंड उघडतं, आणि तो गुरंढोरं, माणसं खातो. बायका शिवत नाहीत, कातरत नाहीत. हा नेम बायकांचा. पुरुषांना त्याचं काही नसतं.

नऊला गाड्या आल्या. स्तोयान कडं घालूनच उतरला, रात्रीत काडी सुकून एका कानावर कलली होती. बाकीच्यांनी कात्र्या बाहेर काढल्या. पेन्का बागेच्या फाटकात उभी होती, डोक्याला स्कार्फ, हात खिशात. फाटकाच्या मागे, बागेच्या तोंडाशी, ट्रॅक्टर आडवा लावलेला. ती जे बोलली ते वेसेलाने मला शब्दन् शब्द सांगितलं, या वेळी एकही न गाळता.

पेन्का म्हणाली, माझ्या घरात आज आणि उद्या पातं उघडणार नाही.

स्तोयान हसला. म्हणाला, वहिनी, तो नेम बायकांचा.

ती म्हणाली, घर बाईचं आहे.

मागच्या लोकांत चुळबुळ झाली. त्यांच्यात एक म्हातारा होता, त्याने टोपी काढली. स्तोयानने बागेकडे, बदामांकडे, रस्त्याकडे हात फिरवला. "अगं, कॅलिफोर्निया आहे हा. इथे लांडगा कुठे?"

"संत त्रिफॉन तरी इथे कुठे होता? त्याला तू आणलास. लांडगा मी आणला."

म्हाताऱ्याने आपली कात्री मिटून खिशात घातली. मग दुसऱ्याने. संताचा सण मानायचा आणि संताच्या पाठचा दिवस मानायचा नाही, असं त्यांच्यातल्या कोणाला उघडपणे म्हणता येईना. शिवाय घरी बसलेल्या त्यांच्या बायकांनीही सकाळी कात्र्या उचलून ठेवल्या असणार. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलून गाड्या वळल्या. सोमवारीही पातं उघडणार नव्हतं आणि मंगळवारपासून प्रत्येकाला कामावर जायचं होतं. बाकीची बाग वाचली.

वेसेलाने आईला मिठी मारली. मंजिरी म्हणाली, "आई, ब्रिलियंट ना?" मी म्हटलं, नाही.

मला आनंद झाला होता, पण राग त्याहून जास्त होता. बारा वर्षं हाताला घट्टा पडेपर्यंत जिने बाग छाटली, तिला 'मला येतं, तुम्हाला येत नाही' एवढं म्हणता आलं नाही. त्यासाठी लांडगा लागला. लांडग्याचं त्या चौदा जणांनी ऐकलं, तिचं ऐकलं नसतं. मी पेन्काला तसं बोललेही, जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात. तिने माझ्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं आणि म्हणाली, "पण बाग आहे." मग कुलूप काढून माझी छोटी कात्री परत दिली, तोंडाला दोरा बांधून. मंगळवारी सकाळी सोडायचा, अशी ताकीद होती.

सोमवारी आम्ही परत निघालो. अमेयने अ‍ॅव्हेन्यू साडेबारावरून बरोबर वळण घेतलं. घाटात तो म्हणाला, "आई, तुमचं बरोबर होतं." मी विचारलं, कशाबद्दल? तो जरा विचार करून म्हणाला, "साडेबाराबद्दल." आणि मग, घाट उतरल्यावर, "आणि सॉरी म्हणायला नको होतं." मी त्याला पोळीचा रोल करून दिला.

मार्चमध्ये मी तासगावला परतले. सप्टेंबरात मंजिरीचा फोन आला. पेन्काचा माल उत्तम आला, ओळींमध्ये कागदावर वाळवला, आपल्यासारख्या शेडमध्ये नाही. सहा ओळींत नुसती पानं. बाग ठेवायची ठरली, स्तोयानने शब्द पाळला. मात्र सहा ओळी का गेल्या याचं कारण तो सगळ्यांना सांगत असतो, की सणाच्या दिवशी एक परकी बाई बागेत शिरली, म्हणून संत रागावला. मी फोन ठेवला आणि उरलेला दिवस घरात कोणी माझ्या वाटेला गेलं नाही.

पुढच्या वर्षी मी तिथे नव्हते, वेसेलाने मंजिरीला सांगितलं ते सांगते. जानेवारी संपायच्या आत पेन्काने सगळी बाग छाटून, काड्या बांधून टाकली होती. फाटकाजवळची तीन झाडं तेवढी पिंजारलेली सोडली. चौदा फेब्रुवारीला पुरुष गायदा वाजवत आले. तीन झाडं कापली, वाइन ओतली, कडी केली, स्तोयानला पुन्हा राजा केलं. वहिनीची बाग यंदा किती स्वच्छ दिसतेय, असंही कोणीतरी म्हणालं.

मी मंजिरीला विचारलं, बाकीची कोणी छाटली ते कोणी विचारलं का?

"नाही गं," मंजिरी म्हणाली.